आठ घरांचा चार्जर

सौदीत धाहरानच्या कामगार कॅम्पमध्ये आमच्या खोलीत चार माणसं आणि बावीस सेल राहत होते. माणसांनी कुठे बसावं, कुठे लोळावं याला काही नियम नव्हता. सेलांना होता. दाराच्या डाव्या हाताला एक लोखंडी टेबल, त्यावर साइटवरून मागून आणलेली पांढरी फरशी, फरशीवर आठ घरांचा चार्जर आणि शेजारी झाकणाच्या डब्यात अकरा जोड्या. या सगळ्या संसाराचे मालक आमच्या खोलीतले सर्वांत जुने रहिवासी होते. गुहागरकडचे, पन्नाशी ओलांडलेले, मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन. त्यांचं खरं नाव इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या कार्डावर होतं, ते तिथेच राहिलं. कॅम्पातला प्रत्येक मराठी माणूस त्यांना सेलकाका म्हणत असे आणि बाकीचे त्यांना पाहिलं की आपापल्या बॅटऱ्या लपवत असत.

माझी त्यांची ओळख फार वाईट रीतीने झाली. मी कराडहून नवा आलेलो. दुसऱ्याच दिवशी शुक्रवार, म्हणजे सुट्टी, आणि खोली साफ करायची पाळी नव्या माणसाची. टेबल पुसताना डबा उघडून पाहिला. प्रत्येक सेलावर काळ्या मार्करने मराठीत लिहिलेलं: अर्ध्यांवर ‘न’, अर्ध्यांवर ‘बा’, आणि पुढे एकपासून अकरापर्यंत आकडे. परमुलखात आपली अक्षरं पाहून मला भरून आलं आणि मी डोकं चालवलं. ‘न’ म्हणजे नवा. ‘बा’ म्हणजे बाद. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला बाद झालेले सेल टाकायचा कंटाळा आला असेल, आपण मदत करावी. सगळे ‘बा’ पिशवीत भरले आणि बाहेरच्या मोठ्या पिंपात टाकून आलो.

काका भाजी घेऊन आले. हात धुतले, डबा उघडला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मग शांतपणे मला विचारलं, “बायका कुठे गेल्या?”

सौदीत येऊन मला जेमतेम दोन दिवस झाले होते आणि इथे बायकांविषयी काही बोलायचं नाही, एवढं एजंटने पढवून पाठवलं होतं. मी घाईघाईने सांगितलं की मी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही, सकाळपासून खोलीच्या बाहेर पडलोच नाही. काका म्हणाले, “मेल्या, ‘न’ म्हणजे नवरा, ‘बा’ म्हणजे बायको. अकरा बायका होत्या माझ्या.”

पुढचा तासभर आम्ही दोघं भर उन्हात त्या पिंपात कमरेपर्यंत वाकलेलो होतो. दहा बायका सापडल्या, सातव्या नंबरची काही मिळाली नाही. तिच्या जागी नवी आणू, असं मी म्हणालो तर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. सात नंबरचा नवरा विधुर म्हणून भिंतीवरच्या घड्याळात गेला, कारण घड्याळाला एकच सेल लागतो. माझ्याशी काका तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले ते एवढंच की सेल बाद झाला तरी कचऱ्यात टाकायचा नसतो, त्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, तो पलंगाखाली आहे.

या जोड्यांमागे शास्त्र होतं, हे मला हळूहळू कळलं. टॉर्चमध्ये दोन सेल एकापुढे एक बसतात. त्यातला एक ताजा आणि एक दमलेला असला की ताजा ढकलत राहतो, दमलेल्याला झेपत नाही, मग तो गळतो आणि टॉर्चही खातो. म्हणून एकदम विकत घेतलेले दोन सेल एकदम कामाला लावायचे, एकदम काढायचे, एकदम चार्ज करायचे, आणि शेवटी एकदम बिस्किटाच्या डब्यात. काका याला जोडी न मोडणं म्हणत. दुकानातल्या साध्या, टाकाऊ सेलाला तर ते चार्जरच्या आसपासही फिरकू देत नसत. कुणीतरी तसला एक सेल त्यांच्या चार्जरमध्ये घातला होता. तो फुगून चिकट पाण्याने भरला. तो त्यांनी काचेच्या बाटलीत बंद करून टेबलावर ठेवला होता आणि नव्या माणसाला आधी त्याचं दर्शन घडवत.

चार्जिंग चालू असताना त्यांनी कधी खोली सोडली नाही. पलंगावर चार्जर ठेवायचा नाही, पडद्याजवळ नाही, त्याच्यावर टॉवेल टाकायचा नाही, एसी चालू असल्याशिवाय बटण दाबायचं नाही. एकदा त्यांनी हे बटण पहाटेच दाबलं आणि तेवढ्यात कंपनीची बस आली. पेशावरकडचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून ‘यल्ला, यल्ला’ ओरडत होता. काकांनी खिडकीतून डोकं काढून त्याला हिंदीत सांगितलं की दहा मिनटं थांब, दोन नंबर अजून हिरवा नाही झाला. सत्तर माणसांची बस दहा मिनटं थांबली. सुपरवायझरने जाब विचारला तेव्हा काकांनी त्याला उलट विचारलं की कॅम्प जळाला असता तर बस किती वेळ थांबली असती. त्यानंतर ते पहाटे चार्जिंग करेनासे झाले, पण चूक कबूल केली नाही ती नाहीच.

चार्ज झालेला सेल काढला की ते हाताची पाठ त्याला लावत, आई पोराचा ताप बघते तशी. “गरम चालेल,” म्हणत, “तापलेला नाय.” तापलेला असला तर प्लग काढून फरशीवर निजवत आणि थंड होईपर्यंत कुणाला त्याला हात लावू देत नसत. दिव्यांचा अर्थ त्यांनी मला पाठ करायला लावला होता: लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे काढ, लुकलुक म्हणजे बिस्किटाचा डबा. खिशात सेल आणि किल्ल्या एकत्र घेऊन फिरणारा माणूस त्यांच्या लेखी मुलीच्या स्थळासाठी बाद होता. त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली होती, त्यामुळे पुढे त्याची परीक्षा झाली नाही.

मुली सासरी गेल्यावर घरी उरल्या त्या फक्त काकू. काका एकवीस वर्षं इकडे, काकू एकवीस वर्षं तिकडे. त्यात काकूंना ऐकू कमी. कानात बटण, त्याची वायर खाली गळ्याशी अडकवलेल्या काडेपेटीएवढ्या डबीला, आणि त्या डबीत एक पेन्सिल सेल. फोन त्या डबीला लावला की शिट्टी वाजायची, म्हणून काकांचं बोलणं दोन प्रश्नांपलीकडे जात नसे: जेवलीस काय, आणि गॅस बंद केलास काय. आदल्या वर्षी पावसाळ्यात अंगणातून बिबट्याने कुत्रा उचलून नेला. सगळी वाडी पत्रे बडवत ओरडत होती आणि काकू सेल उतरलेलं मशीन कानाला लावून आत निवांत तांदूळ निवडत होत्या. शेजाऱ्याने हे फोनवर मोठ्या गमतीने सांगितलं. काका हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला की हिला इकडे आणायची आणि आता एकटी ठेवायची नाही.

मे महिन्यात काकू व्हिजिट व्हिसावर आल्या. नव्वद दिवसांचा व्हिसा. ते संपायच्या आत एक तर मुंबईच्या विमानात बसायचं किंवा समुद्रावरच्या पुलावरून बहरीनला जाऊन, शिक्का मारून परत यायचं, म्हणजे आणखी नव्वद दिवस मिळतात. काकांना पूल हवा होता. काकूंनी येतानाच परतीचं तिकीट काढायला लावलं होतं. नारळ उतरवायचे आहेत, आणि तुमच्या त्या वाळवंटात मी दिवसभर करू काय, असं त्यांचं म्हणणं होतं. काका मला म्हणाले, “तीन महिने हायत. तेवढ्यात तिला इथे करमलं पाहिजे.”

त्यांनी शेजारच्या खोबर शहरात एका बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या वर दोन खोल्यांचं घर घेतलं. कॅम्पमधून काय नेलं तर कपड्यांची बॅग, टेबल, फरशी, चार्जर आणि दहा जोड्या. बायका हरवणारा म्हणून असेल, पण दर शुक्रवारी जेवायला यायचं आमंत्रण मला एकट्यालाच होतं. त्यामुळे पुढचं सगळं मी सुरमईच्या कालवणाबरोबर पाहिलं आहे.

पहिलाच पेच काकूंच्या मशीनने टाकला. त्याला लागतो एक सेल. जोडी मोडायची कशी? घड्याळातला विधुर वापरा, असं मी सुचवलं. तुझ्या काकूच्या कानाला विधुर नको, असं म्हणून काकांनी ते उडवून लावलं. शेवटी दोन दिवस विचार करून त्यांनी तीन नंबरची जोडी निवडली. आधी ‘न’ कामाला आणि ‘बा’ डब्यात. तो उतरला की ‘बा’ कामाला आणि ‘न’ डब्यात. दोघांची झीज सारखी. हे त्यांनी काकूंना मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं.

काकू म्हणाल्या, “म्हणजे आपल्यासारखंच. एक कामावर, एक डब्यात. आपली अदलाबदल तेवढी नाय झाली.”

काका हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

महिनाभर बरं चाललं. मग जूनमध्ये काकूंनी नवऱ्याला मदत करायचं ठरवलं. आपल्याकडे रेडिओचे नाही तर टॉर्चचे सेल उतरले की ते उन्हात ठेवतात, मग आणखी दोन दिवस चालतात, हे कुठल्याही घरात विचारा. काकूंनी दुपारी डबा उघडला, सगळे सेल गॅलरीत परातीत मांडले आणि झोपल्या. आपल्याकडचं ऊन आणि खोबरचं ऊन यात फरक असतो, हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्या उन्हात गॅलरीच्या कठड्यालासुद्धा हात लावता येत नाही.

काका संध्याकाळी आले, नेहमीप्रमाणे हाताची पाठ लावायला गेले आणि हात झटकत मागे आले. ते ओरडले नाहीत. सांडशीने एकेक सेल उचलून त्यांनी फरशीवर सावलीत निजवला, आठ घरांचा चार्जर चार हात लांब नेऊन ठेवला आणि स्टूल घेऊन बसले. दोन जोड्या गेल्या त्या गेल्याच. काकूंनी विचारलं, “एवढं काय झालं? आपण ठेवतो की उन्हात.” त्यावर काकांनी समजावायला सुरुवात केली, आणि ती सुरुवात जुलै संपेपर्यंत चालली.

रोज कामावरून आलं की चहा, आणि चहाबरोबर सेल. उष्णतेने सेलाचं आयुष्य कसं कमी होतं. चार्जर रिकामा असला तरी प्लग का काढायचा. वेगवेगळ्या कंपनीचे सेल एकत्र का नांदत नाहीत. मी शुक्रवारी जायचो तेव्हा हेच चालू असायचं. काकू समोर बसून शांतपणे ऐकत, मान हलवत, मधूनच ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणत. काका मला बाजूला घेऊन सांगायचे की बघ, किती लक्ष देऊन ऐकते. इथे हिला करमायला लागलं. मला एवढंच दिसत होतं की काका टेबलाकडे वळले की काकूंचा अंगठा गळ्यातल्या डबीवर जातो. मला वाटलं, आवाज वाढवत असतील.

ऑगस्ट लागला. तिकिटाला पंधरा दिवस उरले होते. त्या शुक्रवारी काका कमालीचे खुशीत होते, कारण तीन नंबरच्या ‘न’ने विक्रम केला होता. त्यांच्या हिशेबाने मशीन दिवसभर चालू असलं की सेल आठ दिवस टिकायला हवा. सेलावर चिकटपट्टी लावून ते तारीख लिहीत. त्या दिवशी पंधरावा दिवस होता आणि सेल अजून जिवंत. काका ताटावर बसूनच मला त्यामागची कारणं सांगू लागले. पहिलं कारण फरशी. दुसरं कारण हळू चार्जिंग. तिसरं कारण घाई न करणारा माणूस.

मधेच ते काकूंकडे वळून म्हणाले, “भात वाढ गो थोडा.”

काकू मान हलवून म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं.”

काकांनी पुन्हा भात मागितला. काकूंनी पुन्हा ते बरोबर असल्याचं सांगितलं आणि मला माशाची तुकडी वाढली. काकांनी डावा हात पुढे करून काकूंच्या गळ्यातली डबी वळवून पाहिली. बटण बंद होतं. त्यांनी ते स्वतःच चालू केलं आणि विचारलं, “कधीपासून बंद करतेस?”

काकूंना खोटं बोलायचा सराव नव्हता. म्हणाल्या, “तुम्ही टेबलाजवळ गेलात की.”

मी आयुष्यात इतक्या खाली मान घालून मासे कधी खाल्ले नाहीत. काकांनी आपल्या हाताने भात वाढून घेतला, जेवले, ताट उचलून मोरीत ठेवलं.

पुढचा आठवडाभर काका घरात बोललेच नाहीत. रागावले होते असं मला वाटत नाही. रागावलेले काका मी पाहिलेले होते, ते तीन दिवसांत आटपतात. हे निराळंच होतं. बस आता त्यांना वाटेत खोबरला घेत असे; माझ्याशेजारी बसून म्हणाले की जाऊ दे तिला, तिला नारळ उतरवायचे आहेत. आपण एकवीस वर्षं दोन प्रश्न विचारले, ती उत्तर द्यायची. आता बोलायला लागलो तर तिला मशीन बंद करावं लागलं. मला फार वाईट वाटलं. एवढा कटकट्या माणूस गप्प बसतो तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही.

शुक्रवारी गेलो तर काका खाली बकाल्यातून दही आणायला गेलेले. काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि काका आजारी आहेत का, असं विचारलं. चहा घेतात, भिंतीकडे बघत बसतात, सेल बदलून दिला तोही न बोलता. मी डबीजवळ वाकून मोठ्याने सांगितलं की आजारी नाहीत, तुम्हाला त्यांच्या बोलण्याचा त्रास होतो म्हणून गप्प आहेत.

काकूंनी हातातला झारा खाली ठेवला. “मी सेलांचं बंद करत होते रे,” त्या म्हणाल्या. “त्यांचं नाय. एवढ्या लांब मी काय ते आठ दिवे बघायला आले? या माणसाचा आवाज मी एकवीस वर्षं शिट्टीतून ऐकलाय. सकाळी उठून काय करतात, कुणाशी भांडतात, आजारी पडले तेव्हा पाणी कुणी दिलं, मला काय म्हणजे काय ठाऊक नाय. ते विचारलं की सांगतात, प्लग काढून ठेव.”

दार उघडल्याचं काकूंना ऐकू आलं नव्हतं. मला आलं होतं. काका दह्याचा डबा हातात घेऊन मागे उभे होते, आणि ते कधीपासून उभे होते ते त्यांच्या तोंडावरून कळत होतं. मी उभ्याउभ्या काहीतरी निमित्त सांगितलं, पोळीत भाजी गुंडाळून घेतली आणि तिथून निघालो. जेवणावरून असा उठून आलेलो मी एकदाच.

त्यानंतर काका मला पाच दिवस भेटले नाहीत, कारण त्यांची पाळी बदलली होती. सहाव्या दिवशी सकाळी बसमध्ये माझ्याशेजारी येऊन बसले. डोळे तारवटलेले, आवाज बसलेला. खिशातून त्यांनी एक सेल काढून माझ्या तळहातावर ठेवला. तीन नंबरची ‘बा’. चिकटपट्टीवर गेल्या शुक्रवारची तारीख.

“उतरला,” ते म्हणाले. “सहा दिवसांत.”

इतक्या दिवसांच्या शिकवणीला जागून मी म्हणालो, सेल कामातून गेला, उन्हात राहिलेला होता, बिस्किटाच्या डब्यात टाका.

“सेलाला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय.” त्यांनी तो परत घेऊन खिशात ठेवला. “बंदच करत नाय ती. आवाज पूर्ण वर. मी दमून झोपलो तरी मशीन चालू ठेवून बसते, झोपेत काय बोललो तर म्हणून.”

मी तिकिटाचं विचारलं. रद्द केलं, म्हणाले. उद्या सकाळी पुलावरून बहरीनला जायचं, शिक्का मारून यायचं, तीन महिने. नारळ शेजारी उतरवतील.

बस बरीच पुढे गेली. काका खिडकीबाहेर पाहत होते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते. मग माझ्याकडे वळले, आणि एवढा धास्तावलेला चेहरा मी त्यांचा पिंपात वाकलेल्या दिवशीही पाहिला नव्हता.

“अरे, एकवीस वर्षांचं सगळं सांगून झालं सहा दिवसांत. आता तीन महिने काय बोलू?” ते म्हणाले. “तू शिकलेला हायस. एखादा विषय सुचव. सेलांचा सोडून.”